रानातून आणलेले कीटक व इतर अपृष्ठवंशी प्राणी घरी पाळण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग नक्षत्र लागले की सुरवंट, वाणी, मुंग्यांच्या राण्या, खंडोबाचे किडे आणि विंचू यांच्याविषयीची विचारणा वाढते, कारण वर्षातील बहुतेक अपृष्ठवंशी प्राणी याच दिवसांत डोळ्यांसमोर येतात. खालील उत्तरे महाराष्ट्रातील हवामान, येथे सहज दिसणाऱ्या जाती आणि भारतातील कायदा लक्षात घेऊन लिहिली आहेत. विकत घेतलेल्या परदेशी प्राण्यांचा विचार येथे फक्त एका ठिकाणी, तोही ओझरता, केला आहे.

रानातून प्राणी उचलून आणणे मुळात योग्य आहे का?

सगळ्याच प्राण्यांना लागू पडेल असे एक उत्तर या प्रश्नाला देता येत नाही. ज्या प्राण्याची मादी शेकड्यांनी अंडी घालते आणि ज्याची बहुतेक पिले पक्षी, कोळी, गांधीलमाश्या आणि रोगराई यांच्यामुळे काही दिवसांतच मरतात, त्याचे एखादे पिलू उचलल्याने त्या जागेवरील संख्येत जवळजवळ फरक पडत नाही. फुलपाखराचा सुरवंट, खंडोबाच्या किड्याचे छोटे पिलू आणि नुकतेच पंख गाळलेली मुंगीची राणी ही याची चांगली उदाहरणे आहेत. याउलट जो प्राणी वयात यायला वर्षे घेतो, त्याची प्रौढ मादी म्हणजे असंख्य संकटांतून वाचलेला एकुलता एक जीव असतो. मोठ्या केसाळ कोळ्याची, म्हणजे टॅरेंटुलाची, एक मादी उचलली तर पुढील कित्येक वर्षांची वीण त्या झाडावरून किंवा त्या दरडीवरून नाहीशी होते.

म्हणून माझ्या मते ‘कोणती जात’ या प्रश्नाइतकाच ‘आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर’ हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. लहान वयाचा, भरपूर संख्येने आढळणारा, थोड्या आठवड्यांत वाढ पूर्ण करणारा आणि नंतर त्याच जागी परत सोडता येणारा प्राणी आणावा. या चारपैकी एक जरी अट पूर्ण होत नसेल तर तो प्राणी जागेवरच पाहावा.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता या कायद्याला चार अनुसूची आहेत. पहिल्या दोन अनुसूचींत संरक्षित प्राणी, तिसरीत वनस्पती आणि चौथीत साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेल्या जाती आहेत. अनुसूचीतील प्राण्याला जिवंत पकडणे हेदेखील कायद्याच्या व्याख्येनुसार ‘शिकार’ ठरते, त्यामुळे ‘मारला नाही, फक्त आणला’ हा बचाव टिकत नाही. या याद्यांमध्ये अनेक फुलपाखरे आहेत, आणि संरक्षित जातीचा मृत नमुना बाळगणे हाही गुन्हा होऊ शकतो.

दुसरी बाब अनेकांना माहीत नसते. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीत अनुसूचीत नसलेला साधा सुरवंटही परवानगीशिवाय उचलता येत नाही, कारण तेथे संपूर्ण वन्यजीवनालाच संरक्षण असते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, भीमाशंकर, कोयना, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, फणसाड अशा ठिकाणी सहलीला गेल्यावर रिकामी बरणी पिशवीतच राहू द्यावी. पश्चिम बंगालमधील सिंगालिला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात कीटक गोळा केल्यावरून २००८ मध्ये दोन झेक नागरिकांना अटक झाली होती. कीटकांच्या बाबतीत कायदा केवळ कागदावर असतो, असा समज करून घेऊ नये. राखीव वनांना भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. या छंदासाठी आपले अंगण, सोसायटीची बाग, मालकाच्या परवानगीने शेताचा बांध किंवा ओळखीच्या माणसाची वाडी एवढी जागा पुरेशी असते.

नवख्या माणसाने कोणत्या प्राण्यापासून सुरुवात करावी?

रुईवरील प्लेन टायगर या फुलपाखराच्या किंवा कढीलिंबावरील सुरवंटापासून सुरुवात करावी. दोन्ही झाडे गावात आणि शहरात सहज सापडतात, आणि अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास पावसाळ्यात साधारण महिनाभरात पूर्ण होतो.

कढीलिंबावरील सुरवंट आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा दिसतो आणि शेवटच्या कातीनंतर हिरवागार होतो. त्याला डिवचल्यास डोक्यामागून दोन टोकांचा नारिंगी रंगाचा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो; हे त्याचे संरक्षण आहे, आजार नव्हे. रुईवरील सुरवंटाला पांढरे, काळे आणि पिवळे पट्टे असतात. रुईची पाने तोडताना येणारा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, कारण त्याने डोळ्याला गंभीर इजा होते. लहान मुलांच्या हाती हे काम देऊ नये.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. कढीलिंब आणि लिंबूवर्गीय झाडांवर एकापेक्षा जास्त जातींची फुलपाखरे अंडी घालतात, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले नीलवंत हेही त्यांपैकी एक आहे. प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल करणारी डॅनेड एगफ्लायची मादी तर २०२२ च्या दुरुस्तीपूर्वी वर्षानुवर्षे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत होती. त्यामुळे प्रौढ फुलपाखरू जाळीने पकडण्यापेक्षा, ज्या झाडावर जो सुरवंट असतो त्याची नीट ओळख पटवून मगच तो आणणे सुरक्षित असते. ओळख पटत नसेल तर सुरवंट झाडावरच ठेवून रोज तेथे जाऊन पाहावे.

सुरवंटासाठी घरी काय व्यवस्था लागते?

रुंद तोंडाची बरणी किंवा उभा प्लास्टिकचा डबा, तोंडावर मच्छरदाणीचे कापड आणि रबरबँड एवढे पुरते. तळाशी कागद घालावा आणि तो रोज बदलावा, कारण सुरवंट खातो त्याच प्रमाणात विष्ठा टाकतो, आणि ओलसर विष्ठेवर बुरशी धरली की आजार पसरतो. फांदीचे टोक पाण्याने भरलेल्या छोट्या बाटलीत ठेवावे, पण बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे. उघड्या पाण्यात सुरवंट उतरून बुडतात, आणि ही फार नेहमीची दुर्घटना आहे.

पाने कोठून आणायची याला सर्वाधिक महत्त्व आहे. बाजारातील कढीलिंबाची जुडी आणि रोपवाटिकेतून नुकतेच आणलेले रोप यांवर कीटकनाशकाचा अंश असू शकतो, आणि तो पाण्याने पूर्ण धुतला जात नाही. आपण स्वतः फवारणी न केलेल्या झाडाचीच पाने द्यावीत. झाड बदलू नये. सुरवंट आपल्या ठरावीक खाद्यवनस्पतीशिवाय उपाशी मरतो, पण दुसऱ्या पानाला सहसा तोंड लावत नाही.

कोष करण्याआधी सुरवंट खाणे थांबवतो, पातळ विष्ठा टाकतो आणि अस्वस्थपणे इकडेतिकडे फिरतो. तो आजारी पडला असे समजून त्याला हलवू नये. तो काडीवर रेशमाचा आधार विणतो, आणि त्या दिवसापासून डब्याला हातही लावू नये. फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर येते. पंख फुलायला त्याला लटकता येईल एवढी मोकळी जागा हवी, नाहीतर पंख आयुष्यभर वाकडे राहतात. बाहेर आल्यावर ते तांबूस द्रव टाकते; ते रक्त नव्हे. पंख कडक व्हायला दोन-तीन तास लागतात. त्यानंतर पाऊस नसताना, दिवसाउजेडी, जेथून सुरवंट आणला त्याच झाडाजवळ ते सोडावे. फुलपाखरू पिंजऱ्यात ठेवण्यात कोणताही अर्थ नाही. ते पंख आपटून झिजवते.

कोषातून फुलपाखराऐवजी माशी किंवा गांधीलमाशी निघाली. चूक कोठे झाली?

चूक कोठेही झालेली नाही. मोकळ्या झाडावर वाढलेल्या सुरवंटाच्या अंगात परजीवी माशी किंवा परजीवी गांधीलमाशी अंडी घालून गेलेली असते, आणि तिच्या अळ्या सुरवंटाला आतून खात वाढतात. मोठे सुरवंट आणले तर असे हमखास अनुभवाला येते. अंडी किंवा नुकती निघालेली अळी आणल्यास शक्यता कमी होते, पण संपत नाही. या परजीवींना मारू नये. त्यांच्यामुळेच शेतातील कित्येक किडी आटोक्यात राहतात, आणि कोणत्या सुरवंटातून कोणता परजीवी कोणत्या तारखेला निघाला ही नोंद फुलपाखराच्या नोंदीइतकीच मोलाची असते.

मुंग्यांची वसाहत घरी वाढवता येते का?

येते, आणि चिकाटी असलेल्या माणसासाठी यासारखा दुसरा छंद नाही. पहिल्या पावसानंतर अनेक जातींच्या पंख असलेल्या राण्या आणि नर वारुळातून उडतात. मीलनानंतर नर मरतात. राणी जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख गाळते आणि बिळासाठी जागा शोधू लागते. अशी पंख गाळलेली, एकटी फिरणारी राणी उचलावी. त्या दिवशी बाहेर पडलेल्या राण्यांपैकी बहुसंख्य राण्या वसाहत उभी राहण्याआधीच मरतात, त्यामुळे एक उचलल्याने हानी होत नाही. राणी मिळवण्यासाठी वारूळ खणणे मात्र अक्षम्य आहे, कारण त्यात पूर्ण वसाहत संपते आणि मिळालेली राणीही बहुतेक वेळा जखमी असते.

मुंगळ्याची राणी नवख्यांसाठी योग्य ठरते, कारण ती मोठी असते आणि पहिली पिढी वाढेपर्यंत तिला अन्न लागत नाही. उडण्याचे स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. शरीर ते विरघळवते आणि त्या साठ्यावर ती पहिल्या अळ्यांना पोसते. परीक्षानळीत एकतृतीयांश पाणी भरावे, त्यावर कापूस घट्ट बसवावा, मग राणी सोडावी आणि तोंडालाही कापूस लावावा. नळी कागदात गुंडाळून अंधाऱ्या, धक्का न लागणाऱ्या कपाटात ठेवावी. पहिल्या कामकरी मुंग्या निघायला दीड-दोन महिने लागू शकतात. या काळात आठवड्यातून एकदाच पाहावे. रोज उजेडात धरून पाहिलेली राणी घाबरून स्वतःची अंडी खाते, आणि बहुतेक वसाहती नेमक्या या उतावीळपणामुळे फसतात.

कामकरी निघाल्यावर साखरपाण्याचा थेंब आणि मारलेला छोटा किडा द्यावा. मुंग्या बाहेर पडू नयेत म्हणून डब्याच्या आतील कडेला टाल्कम पावडरचा पट्टा देता येतो. मुंगळ्याची राणी अनेक वर्षे जगू शकते, हे सुरुवातीलाच घरच्यांना सांगावे. नोकरीनिमित्त शहर बदलायचे असेल तर वसाहत सोबत नेऊन तिकडे सोडू नये. जेथून राणी आणली त्याच परिसरात ती परत करावी किंवा तेथेच राहणाऱ्या जाणकाराकडे सोपवावी.

खंडोबाचा किडा पाळताना काय सांभाळावे?

एका डब्यात एकच किडा ठेवावा, कारण ते एकमेकांना खातात. डब्याची उंची किड्याच्या लांबीच्या किमान तिप्पट हवी. कात टाकताना तो उलटा लटकतो आणि जुन्या कातडीतून खाली सरकत बाहेर येतो. खाली जागा कमी पडली तर पाय वाकडे होतात आणि तो पुन्हा शिकार करू शकत नाही. कात टाकण्याआधी एक-दोन दिवस तो खात नाही, तेव्हा डब्यातील जिवंत भक्ष्य काढून घ्यावे, नाहीतर मऊ अवस्थेत तेच त्याला कुरतडते. केळ्याच्या सालीवर जमणाऱ्या चिलटांपासून सुरुवात करून हळूहळू माश्या आणि छोटे नाकतोडे द्यावेत. स्वयंपाकघरातील झुरळ देऊ नये, कारण ते कोणत्या फवाऱ्यातून आले हे सांगता येत नाही. पाण्यासाठी डब्याच्या भिंतीवर तुषार मारावेत.

प्रौढ झाल्यावर तो काही महिनेच जगतो. अंडी घातल्यावर मादी हळूहळू अशक्त होऊन मरते, त्याला उपाय नाही. काडीवर फेसासारख्या द्रवाची वाळलेली, अंड्यांची डबी दिसली तर ती काडीसकट बाहेर झुडपात बांधावी. घरात ठेवल्यास एकाच दिवशी डझनावारी पिले निघतात.

वाणी आणि गोगलगाय पाळणे सोपे असते ना?

वाणी काही खाताना पटकन दिसत नाही, त्यामुळे ती उपाशी आहे असे समजून लोक काकडी घालतात. तिचे खरे अन्न कुजलेली पाने आणि मऊ झालेले लाकूड हे आहे, आणि काकडी फार तर तोंडी लावण्यापुरती चालते. तिच्या लांबीइतका तरी खोल, दमट, पालापाचोळा मिसळलेला मातीचा थर द्यावा. ती मातीत शिरून कात टाकते. दिसत नाही म्हणून उकरल्यास मरते. हाताळल्यावर बोटे पिवळी-तपकिरी होतात, कारण ती संरक्षणासाठी दाहक स्राव सोडते. काही जातींच्या स्रावात हायड्रोजन सायनाइडही असते. हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत.

गोगलगायीबाबत माझे मत वेगळे आहे. शहरात आणि शेतात दिसणारी मोठी, तपकिरी पट्ट्यांची शंखी गोगलगाय बहुधा आफ्रिकी असते. ती १८४७ मध्ये कोलकात्यात आणली गेली आणि तेथून देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यातील सोयाबीनचे गोगलगायींनी केलेले नुकसान शेतकरी विसरलेले नाहीत. एक गोगलगाय शेकडो अंडी घालते, आणि उंदरांच्या फुप्फुसातील एका जंताची ती वाहक असल्याने माणसाला मेंदूज्वरासारखा आजार होऊ शकतो. ती पाळू नये, एका गावातून दुसऱ्या गावात नेऊ नये, आणि उघड्या हाताने धरू नये.

विंचू, घोण आणि टॅरेंटुला यांचे काय?

हे तिन्ही घरात आणू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगतो. कोकणात आणि राज्याच्या इतर भागांत आढळणारा लहान लाल विंचू जगातील अतिशय घातक विंचवांपैकी आहे. त्याच्या दंशाने घाम सुटतो, हातपाय गार पडतात आणि फुप्फुसात पाणी भरू शकते. लहान मुलांना धोका सर्वाधिक असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर करून असे असंख्य रुग्ण वाचवले आणि त्यांच्या कामाची दखल जगभर घेतली गेली; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे म्हणून धोका पत्करावा, असा याचा अर्थ नाही. दंश झाल्यास वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. विंचू पाहायचेच असतील तर अंधारात, बूट घालून, अतिनील टॉर्चच्या प्रकाशात पाहावेत. त्या प्रकाशात त्यांचे अंग हिरवट-निळे चमकते, आणि त्यांच्या हालचाली डब्यापेक्षा तेथे कितीतरी अधिक समजतात.

घोण चावल्यास तीव्र वेदना होतात, आणि ती अगदी छोट्या फटीतून निसटते. टॅरेंटुलाबाबत मुख्य आक्षेप संवर्धनाचा आहे. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पोसिलोथेरिया या प्रजातीतील सर्व जाती २०१९ मध्ये साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आल्या, कारण परदेशातील हौशी पाळणाऱ्यांसाठी त्यांची चोरटी निर्यात होत होती. याच प्रजातीतील निळा कोळी आंध्र प्रदेशातील एका लहानशा वनक्षेत्रापुरता उरला आहे आणि तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. चौथ्या अनुसूचीतील परदेशी प्राणी, उदाहरणार्थ आफ्रिकेतील सम्राट विंचू, आधीच घरात असेल तर त्याची ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

काजवे आणि मृगाचे किडे बरणीत ठेवले तर?

ठेवू नयेत. प्रौढ काजव्याचे आयुष्य अगदी थोडे असते आणि ते जोडीदार शोधण्यातच खर्च होते; बरणीतील रात्र म्हणजे त्यातील मोठा वाटा. भंडारदरा, पुरुषवाडी अशा ठिकाणी मे-जूनमध्ये झाडे लखलखतात ती याच शोधामुळे. काजव्यांच्या अळ्या दमट जमिनीवर गोगलगायी खाऊन वाढतात, म्हणून गर्दीने तुडवलेल्या जमिनीचाही त्यांना फटका बसतो.

लाल मखमलीसारखा मृगाचा किडा कीटक नसून आठ पायांचा, कोळ्यांच्या नात्यातील प्राणी आहे. तो वर्षाचा बहुतेक काळ जमिनीत असतो आणि पहिल्या पावसानंतर थोडा वेळ वर येतो. त्याची पिले नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगावर परजीवी म्हणून राहतात आणि प्रौढ मुख्यतः वाळवी खातात. हे सगळे घरात उभे करता येत नाही. काडेपेटीत ठेवलेला मृगाचा किडा निश्चित मरतो.

काळजी घेऊनही प्राणी अचानक मेले. कारण काय असावे?

सर्वप्रथम डास मारण्याच्या साधनांचा विचार करावा. द्रव भरून प्लगला लावायची यंत्रे, अगरबत्त्या आणि फवारे यांत पायरेथ्रॉइड गटाची द्रव्ये असतात. ती माणसाला त्या प्रमाणात फारशी बाधत नाहीत, पण बंद खोलीतील कीटक आणि कोळी मारायला पुरेशी असतात, कारण ती त्यासाठीच बनवलेली आहेत. इमारतीत पेस्ट कंट्रोल किंवा रस्त्यावर धुरफवारणी होणार असेल तर डबे दोन-तीन दिवस दुसऱ्या घरी हलवावेत. त्याखालोखाल थेट ऊन हे कारण असते: खिडकीतील बंद काचेची बरणी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. विदर्भ आणि मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत काहीही न पाळणेच बरे.

टाचणी लावलेल्या मृत कीटकांचा संग्रह करावा का?

केवळ शोभेसाठी कीटक मारू नयेत. रस्त्यावरील दिव्याखाली, खिडकीच्या चौकटीत किंवा कोळ्याच्या जाळ्यात मेलेले भुंगे, पतंग आणि चतुर भरपूर मिळतात; संरक्षित जाती वगळून त्यांच्यावर अभ्यास करता येतो. कोणत्याही नमुन्याखाली ठिकाण, तारीख आणि सापडण्याची परिस्थिती लिहिलेली नसेल तर तो शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी असतो. ओळखीसाठी मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, जी १८८३ पासून काम करते, आणि पुण्यात आकुर्डी येथील भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र या जाणकारांच्या जागा आहेत.

नोंदी कशा ठेवाव्यात?

साधी वही पुरते. प्राणी कोठे, कोणत्या झाडावर किंवा कशाखाली सापडला, त्या दिवशी पाऊस होता का, तो काय खातो आणि काय नाकारतो, कात कधी टाकली, कोष कधी केला, बाहेर कधी आला आणि कोठे सोडला हे तारखेसह लिहावे. प्रत्येक टप्प्यावर वरून आणि बाजूने असे दोन फोटो घ्यावेत. सुरवंटाच्या बाबतीत पानाचाही घ्यावा, कारण ओळख अनेकदा पानावरूनच पटते. हे फोटो आय-नॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या ऑनलाइन उपक्रमावर टाकता येतात, मात्र दुर्मीळ प्राण्याचे नेमके ठिकाण उघड करू नये, कारण चोरटा व्यापार करणारेही ते पाहतात. आपल्याकडील अनेक साध्या पतंगांचे सुरवंट कोणते झाड खातात हे अजून नीट नोंदवलेले नाही, आणि ते शोधायला प्रयोगशाळेची नव्हे, तर एक डबा, योग्य पाने आणि रोज पाच मिनिटे पाहण्याची सवय असलेल्या माणसाची गरज आहे.